डावी चप्पल इथे जमा करावी

गॅरेजात एक गोष्ट नेहमीची. गाडी सारी खोलायची, सारी जोडायची, अन् मंग खाली पाह्यलं की चार नट उरलेले! गाडी चालते, मालक खुश असते, पण हे नट कुठचे ते कोणालेच सांगता येत नाई. मंग ते डब्यात टाकून द्यायचे. किस्स्यांचंही तसंच हाये बाप्पा. गाड्या येतात, गाड्या जातात, अन् डब्यात काही ना काही उरतेच. माह्या डब्यात आता जागा नाई, म्हणून तुमच्यापुढं ओतून राह्यलो.

मी सुधाकर वानखडे. आर्णीत यवतमाळ रोडले माह्यं स्पेअर पार्टचं दुकान हाये. भिंतीले भिंत लावून हमीदभाईचं गॅरेज. माह्या काउंटरवर बसलं की गॅरेजातलं सारं दिसते अन् सारं ऐकू येते, म्हणून माह्या दुकानात गिऱ्हाईक कमी अन् बसणारे जास्त. माह्या दोनच अटी. चहा पुरा उकळलेला पायजे, अन् मी बोलत असतानी कोणी मधात बोलायचं नाई.

शेवटचा किस्सा मेश्राम मॅडमचा हाये. त्यांचं आर्णीत राहणं का पुण्याले जाणं, ते एका जुन्या गाडीच्या गचक्यावर येऊन ठेपलं होतं. पण तो शेवटीच सांगीन. आधी ही माणसं तं कळू द्या.

*

गॅरेजात दोन पार्टनर. हमीदभाई साठीचे, पांढरी दाढी, डोळे मिटून इंजिन ऐकणारे. दुसरा प्रकाश राठोड, तांड्यावरचा, पस्तिशीचा, हातात सदा गाडीच्या कॉम्प्युटरले लावायचा स्कॅनर. प्रकाशचा बाप ट्रक चालवे अन् हमीदभाई तो ट्रक दुरुस्त करत. त्यामुळं प्रकाश त्यांले चाचा म्हणते, अन् सख्ख्या चाचासंगं भांडावं तसा रोज भांडते.

भांडण एकच. आपोआप गियर बदलणाऱ्या गाडीत क्लच नसते. आत लाल रंगाचं तेल असते अन् त्या तेलाच्या दाबानं गियर बदलते. आता तो दाब किती ठेवायचा, तिथंच सारी गंमत. भाकर थापतानी हात हलका पडला तं जाडी राह्यते, जोरानं पडला तं फाटते. तसंच हे. दाब कमी पडला तं गियर घसरते, जास्त झाला तं गाडी गचका देते.

हमीदभाई म्हणत, "देखो भाई, इंजिन श्वास घेते. त्या श्वासाची ओढ एका बारक्या नळीनं डबीत येते. डबीत रबराचा पडदा हाये. पाय हलका ठेवला तं ओढ जास्त, दाब कमी, गियर लोण्यासारखा पडते. पाय दाबला तं ओढ कमी, दाब वाढला. ना वायर, ना बिजली. इसको बोलते है व्हॅक्यूम."

प्रकाश म्हणे, "चाचा, ते गेलं आता. नव्या गाडीत पेडलखालचा सेन्सर कॉम्प्युटरले सांगते पाय किती दाबला. कॉम्प्युटर इलेक्ट्रिक वाल्वले सांगते दाब किती ठेवायचा. पापणी लवायच्या आत काम होते."

"म्हणजे एकानं दुसऱ्याले सांगतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. गावात बातमी अशीच बिघडते बेटा."

"अन् तुमच्या नळीले भोक पडलं तं?"

"तं वानखडेकडून वीतभर नळी आणतो. तुह्या कॉम्प्युटरले भोक पडलं तं कुठून आणशील?"

"तो बी वानखडे काकाच नागपूरहून मागवून देतात."

दोन्हीकडून दुकान माह्यंच असल्यानं मी या भांडणात आजपर्यंत कोणाचीच बाजू घेतली नाई. भांडण चालू राहो, एवढंच मागणं मागतो.

*

आता चप्पल.

नेरच्या एका कापूसवाल्यानं पहिल्यांदा अशी गाडी घेतली अन् सासरच्या मंडळीले बसवून जेवणाच्या कार्यक्रमाले निघाला. मागच्या सीटवर सासूबाई, सासूबाईच्या मांडीवर वरणाचं पातेलं. गावाबाहेर बैलगाडी आडवी आली. माणसाची वीस वर्षाची सवय, डावा पाय क्लच दाबायले गेला. आता क्लच तं नाई. पायाखाली आला ब्रेक, अन् तो दाबला क्लचच्या जोरानं. गाडी जागच्या जागी उभी. वरण मात्र पुढं गेलं.

तो तसाच पिवळा होऊन गॅरेजात आलता. म्हणे, ब्रेकचा दाब कमी करून द्या. हमीदभाईनं त्याले पाह्यलं, पायाले पाह्यलं, अन् म्हणाले, "डावी चप्पल काढ."

"काहून?"

"पाय उघडा राह्यला तं त्याले आठवण राह्यते की आज आपल्याले काम नाई."

त्या माणसानं डावी चप्पल गॅरेजात ठेवली अन् एक चक्कर मारून आला. एकही गचका नाई. तवापासून गॅरेजचा नियमच झाला. पहिल्यांदा आटोमॅटिक चालवणाऱ्यानं डावी चप्पल जमा करायची, टेस्ट झाली की घेऊन जायची. प्रकाशनं भिंतीवर पाटीच लावली, 'डावी चप्पल इथे जमा करावी'. खाली फळी, अन् फळीवर डाव्या चपलांची रांग. नवा माणूस आला की विचारते, इथं देऊळ हाये का. काही लोक परत न्यायले विसरतात. एक नवरदेव तं एकाच मोजडीवर वरातीत नाचला, अन् लोक म्हणे काय नवीन नाच हाये!

या नियमातून सूट फक्त एका माणसाले. मेश्राम मॅडमले.

*

मेश्राम मॅडम म्हणजे जनावरांच्या डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्या, पण तांड्यावर, कोलामांच्या पोडावर, वावरात कुठं गाय-म्हैस अडली की फोन त्यांलेच जाते. लहानपणी पोलिओ झालता, डावा पाय तवापासून कामाचा नाई. त्या पायाले लोखंडी पट्ट्यांचा बूट. म्हणून त्यांले क्लचवाली गाडी चालतच नाई.

इथल्या एका जिनिंगवाल्या शेठपाशी जुनी परदेशी पेट्रोल गाडी होती, पांढरी, लांबलचक, आटोमॅटिक. मॅडमनं त्याची घोडी मरता मरता वाचवली. शेठ म्हणे, माह्या घरात या गाडीले हात लावणारा कोणी नाई, तुमीच घेऊन जा. तवापासून मॅडम अन् ती गाडी. चिखल असो का फुफाटा, एका उजव्या पायावर बाई सारा तालुका फिरत. लोक गाडीचा आवाज ऐकून गोठ्याचं दार उघडत.

पहिल्यांदा गॅरेजात आल्या तं हमीदभाईनं पाटी दाखवली. मॅडम म्हणाल्या, "भाई, हा बूट काढून घालायले अर्धा तास लागते. अन् या पायानं जन्मात कधी काही दाबलं नाई, तं ब्रेक काय दाबणार?" हमीदभाईनं हात जोडले.

मंग प्रकाश पुढं आला. त्याचा स्कॅनर नवाच होता, नवरीसारखा जपलेला, नुकताच प्लास्टिकमधून काढलेला. केबल हातात घेऊन तो गाडीभोवती फिरला. स्टिअरिंगखाली वाकला, डॅशबोर्डच्या आत हात घातला, बॉनेट उघडून पाह्यलं. जोडायले जागाच सापडेना. जुनी गाडी ते, तिले कुठचा सॉकेट अन् कुठचा कॉम्प्युटर! शेवटी घाम पुसत म्हणे, "मॅडम, हिले हे लावायचं कुठं?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आम्ही तं शेपटीखाली लावतो."

*

हमीदभाईची तपासायची रीत मात्र निराळी. डबीतला रबराचा पडदा फाटला का नाई, हे पाहायले ते डबीले नळी लावत, तोंडानं ओढत, अन् नळीच्या तोंडावर जीभ ठेवत. जीभ चिकटून राह्यली तं पडदा चांगला. सुटली तं गेला. अन् पडदा फाटलाच असंल तं ओढल्यावर नळीतून लाल तेल येते, जीभ लाल होते. मंग विचारायचंच काम नाई.

प्रकाशले याची लय किळस. "चाचा, हे डॉक्टरी नाई, हे जादूटोणा हाये."

एक दिवस हमीदभाई असेच जिभेले नळी चिकटवून उभे. पडदा धरते का सोडते ते पाहायले पाच मिनिटं थांबा लागते. तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्या पोरीचं स्थळ पाहणं चालू होतं अन् फोन नेरहून, मुलाच्या बापाचा. नळी सोडली तं टेस्ट पहिल्यापासून. हमीदभाईनं फोन कानाले लावला.

तिकडून ते विचारत, "तं मंग आमच्याकडून होकार समजू?"

हमीदभाई म्हणाले, "हं."

"निकाह लवकर उरकू. पाहुणे जरा जास्त येतील, दोन बस भरून. चालंल ना?"

"हं."

"अन् बिर्याणी तुमच्याच हातची पायजे बरं का, तुमचं लय नाव ऐकलं."

"हं."

फोन ठेवला, नळी सोडली. प्रकाशनं विचारलं, "काय निघालं चाचा?" हमीदभाई भिंतीले टेकून खाली बसले. म्हणाले, "पडदा चांगला हाये. पोरीचं लग्न जमलं."

घरी भाभीनं विचारलं, मले न विचारता हो कोणाले म्हणून म्हटलं? हमीदभाई म्हणाले, "मी नाई म्हटलं, डबीनं म्हटलं." पण सोयरीक अशी चांगली निघाली की भाभी आता स्वतः नव्या डबीले हळदीकुंकवाचं बोट लावायचं म्हणते, अन् मी तिले सांगतो की भाभी, ते आमच्याकडचं काम हाये, मी लावतो.

*

प्रकाशचाही दिवस येते, असं नका समजू की सारे किस्से म्हाताऱ्याचेच.

एक नवीकोरी गाडी ढकलल्यासारखी आली. एकाच गियरात अडकली, वर जाईना खाली येईना. नवरीले आणायले निघालेली गाडी, सजवलेली, मागं झेंडूची माळ लटकून राह्यली होती. हमीदभाई सवयीनं गाडीखाली शिरले. बराच वेळ फक्त पाय दिसत होते. मंग आतून आवाज आला, "प्रकाश, हिले नाळच नाई रे. बिना नाळेची पैदा झाली का?"

प्रकाशनं स्कॅनर लावला. चहा उकळेपर्यंत सांगतलं, दाबाच्या वाल्वकडं जाणारी वायर तुटली, म्हणून कॉम्प्युटरनं गाडीले एका गियरात बांधून ठेवलं, गियरबॉक्स वाचावा म्हणून. पाह्यलं तं खरंच. उंदरानं कुरतडली होती. गाडी सोयाबीनच्या गोदामात उभी करत होते ना. प्रकाशनं वायर जोडली अन् नवरदेव वेळेवर लग्नाले पोचला. हमीदभाईनं त्याची पाठ थोपटली. मनापासून थोपटली, मी पाह्यलं.

मंग हळूच म्हणाले, "बेटा, तुह्या मशिनले वायर दिसली. उंदीर दिसला का?"

"उंदीर कसा दिसंल चाचा?"

"मंग तो अजून गाडीतच हाये."

त्याच वेळी तिकडं मंडपात, नवरदेवाच्या शेल्यातून नवरीच्या मांडीवर, तो निघाला.

*

मुकुटबनच्या एका मास्तरनं जुनी गाडी विकत घेतली. इलेक्ट्रॉनिक आटोमॅटिक, आधीचा मालक ठेकेदार. मास्तर स्वभावानं एकदम गरीब, पण पेडलले अंगठा लावला की गाडी वळूसारखी उधळे. प्रकाश म्हणे, "सर, या गाडीचा कॉम्प्युटर चालवणाऱ्याची सवय शिकते. हिले अजून ठेकेदाराचाच पाय आठवते. मी तिची आठवण पुसून देतो. दोन-चार दिवस तुमी नेहमीसारखी चालवा, ती तुमचा पाय शिकंल."

आठवड्यानं मास्तर परत. म्हणे, आता गाडी पळतच नाई. कितीबी दाबा, ती विचार करत बसते.

"सर, दोन-चार दिवस कुठं चालवली?"

मास्तर म्हणे, "मी कुठं चालवली? गावात लग्नं होती. लागोपाठ वरातीले दिली."

म्हणजे गाडीनं जन्माचं शिक्षण डीजेच्या मागं, पायी चालीनं घेतलं. प्रकाशनं पुन्हा सारं पुसलं. हमीदभाई म्हणाले, "आमची डबी अडाणी हाये, पण वरात शिकत नाई."

त्या दिवशी मेश्राम मॅडम माह्या दुकानात चहा पीत बसल्या होत्या. नेहमी सगळ्यात आधी हसणारी बाई, पण हसली नाई. हळूच विचारलं, "प्रकाश, म्हणजे गाडीले पाय कळते?"

"सारं कळते मॅडम. पाय थरथरला, जडावला, कमी-जास्त पडला, सारं."

मॅडमनं अर्धा चहा तसाच ठेवला अन् गेल्या. मंग कितीतरी दिवस गॅरेजकडं फिरकल्याच नाई. गाडी रस्त्यानं दिसे, पण इथं थांबत नसे. मी हाक मारली तं हात दाखवून निघून जात. मले वाईट वाटलं. चहा पुरा उकळलेला होता, म्हणून आणखीच वाटलं.

*

आता तो किस्सा.

रमजानचा महिना, दुपारचं ऊन. गॅरेजासमोर दोन गाड्या थांबल्या. पुढं नवी चकचकीत, त्यातून उतरला मॅडमचा मुलगा नितीन, पुण्याले कंपनीत मोठ्या नोकरीले. मागं मॅडमची पांढरी. ती थांबता थांबता असा गचका बसला की माह्या काउंटरवरचे बल्ब वाजले.

नितीन म्हणाला, "हमीदचाचा, ही गाडी तुम्हीच विका आता. आई माझ्यासोबत पुण्याला येतेय. तिची बॅग माझ्या डिक्कीत आहे."

"अचानक?"

"अचानक नाही. तिचा पाय आता बरोबर पडत नाही. सहा महिने झाले, गाडी सारखी गचके देते. आत्ताही मी पुढे होतो, आरशात बघत होतो. एक दिवस कुणाच्या तरी अंगावर जाईल."

मी मॅडमकडं पाह्यलं. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसल्या होत्या. मंग म्हणाल्या, "भाई, खरं हाये त्याचं. हा एकच पाय होता माह्यापाशी. तो बी गेला वाटते. मी कितीबी हलकं दाबते, गाडी उडीच मारते. म्हणून तुमच्याकडं येत नव्हती. म्हटलं, तुमी पाहसान, अन् पायाचंच निघंल."

सांगतो तुमाले, ज्या बाईनं वासरू पोटात आडवं आलं तरी हिंमत सोडली नाई, ती बाई गॅरेजच्या भीतीनं रस्ता बदलत होती!

हमीदभाईनं डोळे मिटून इंजिन ऐकलं. मागं जाऊन धुराकडं पाह्यलं. पांढरा धूर. मंग विचारलं, "मॅडम, गियरचं तेल टाका लागते का?"

"दर पंधरा दिवसाले."

"खाली गळते?"

"थेंब नाई. मी म्हटलं, म्हातारी झाली, पीत असंल."

हमीदभाईनं डोळे उघडले. "पिते तं हायेच. पण कोणत्या तोंडानं पिते, ते पाहा लागंल. प्रकाश, डबी खोल. पाय का डबी, आत्ताच कळते."

डबी खोलली. नळी लावली. हमीदभाईनं सवयीनं नळी तोंडाजवळ नेली अन् तिथंच थांबले.

रोजा होता.

"मी नाई ओढू शकत," म्हणाले. "तोंडात काही गेलं तं रोजा गेला. संध्याकाळपर्यंत थांबा."

नितीन घड्याळ पाहत म्हणाला, "चाचा, आम्हाला आत्ता निघायचंय. आई, चल."

मॅडमनं दार उघडून काठी खाली टेकवली. खरंच उतरायले लागल्या.

मी म्हटलं, द्या इकडं, मी ओढतो. हमीदभाईनं माह्या तोंडात पाह्यलं. "वानखडे, तू दिवसभर पान खातो. तुही जीभ आधीच लाल. तेलाचं कळंल का चुन्या-काथाचं?"

नितीनकडं पाह्यलं तं तो दोन पावलं मागं सरकला. उरला प्रकाश. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यानं बायकोच्या शपथेवर सोडला होता, तोंड एकदम साफ. हातात स्कॅनर. आधी त्यानं स्कॅनरकडं पाह्यलं, मंग नळीकडं, मंग मॅडमकडं. मॅडमचा उजवा पाय जमिनीले लागला होता अन् त्या पायाकडंच पाहत होत्या, जसा तो कोण्या दुसऱ्याचा हाये.

प्रकाशनं स्कॅनर माह्या हातात दिला. म्हणे, "काका, धरा. अन् तांड्यावर कोणाले सांगू नका."

नळी तोंडात घेतली अन् ओढली. एवढ्या जोरानं ओढली की गाल आत गेले. मंग डोळे मोठे झाले. "ये याडी!" अशी आईले हाक मारून तो नालीकडं पळाला, थुंकला, पुन्हा थुंकला, अन् वळून जीभ बाहेर काढली.

लालभडक.

हमीदभाईच्या तोंडून एकच शब्द निघाला, "फटी."

पण मॅडम ऐकलेल्यावर विश्वास ठेवणाऱ्या नाई. काठी टेकत आल्या. बैलाचं धरतात तसं प्रकाशचा खालचा जबडा धरला, दुसऱ्या हातानं जीभ बाजूले ओढली, उजेडाकडं वळवली, बोट फिरवून वास घेतला. प्रकाश हूं नाई का चूं नाई. खरं जनावरही एवढं शांत उभं राह्यत नाई.

"तेलच हाये," मॅडम म्हणाल्या.

हमीदभाईनं समजावून सांगतलं. पडदा फाटला, म्हणून इंजिन त्या नळीनं गियरचं तेल पीत होतं, त्याचाच धूर. अन् डबीले ओढ मिळत नव्हती, म्हणून गाडीले वाटे की पाय पूर्ण दाबलेला हाये. तुमी कितीबी हलकं दाबा, दाब पूर्णच. "आप का पाँव तो सोना है मॅडम. गाडीच तुमच्यावर खोटा आळ घेऊन राह्यली होती."

मॅडम हसायले लागल्या अन् हसता हसता पदरानं डोळे पुसले. प्रकाशचा जबडा अजून दुसऱ्या हातातच होता.

आता नवी डबी कुठून आणावी? तं ऐका. नागपूरच्या जुन्या बाजारातून मागं माल आणतानी एक डबी चुकून माह्या पोत्यात आलती. विकणार कोणाले, म्हणून मी ती दुकानाच्या दारात लिंबू-मिरचीच्या खाली लटकवून ठेवली होती. शोभेले. हमीदभाईनं वर पाह्यलं, मी वर पाह्यलं. लिंबू-मिरची राह्यली, डबी गेली.

डबी बसली, तेल भरलं. नितीन म्हणाला, "आधी मी चालवून बघतो. खात्री झाल्याशिवाय आईला देणार नाही."

त्याची स्वतःची गाडी क्लचवाली, म्हणून हमीदभाईनं पाटीकडं बोट दाखवलं. पुण्याच्या बुटाची नाडी सुटली, डावा बूट फळीवर गेला. नितीन मोजा घालून लंगडत गाडीकडं येते तं ड्रायव्हरच्या सीटवर मॅडम बसलेल्या. काठी मागच्या सीटवर.

"तू तिकडं बस," म्हणाल्या.

तो बसला. गाडी हलली. पहिला गियर, दुसरा, आम्ही कान लावून उभे. तिसरा कवा पडला ते हमीदभाईले बी ऐकू आलं नाई. गाडी यवतमाळ रोडले वळली अन् दिसेनाशी झाली. नितीनची नवी गाडी, तिच्यात मॅडमची बॅग, अन् फळीवर डावा बूट, तिन्ही आमच्यापाशी.

अर्धा तास झाला. तास झाला. प्रकाश चौथ्यांदा गुळणा करत होता. अजान झाली, हमीदभाईनं खजूर तोंडात टाकला, तेवढ्यात माह्या फोनवर नितीनचा फोन. मी स्पीकर लावला.

"वानखडे काका, आईने कुठल्यातरी तांड्यावर गाडी थांबवलीय. इथे म्हैस अडलीय. मी शेणात एका बुटावर उभा आहे. माझा दुसरा बूट कुणाच्या हाती पाठवता का?"

मागून मॅडमचा आवाज आला. किती दिवसानं ऐकला तो आवाज, खणखणीत.

"राहू दे तो बूट. तू शेपटी धर."